सॉफ्टवेअर चढवण्याआधी उतरवायचं कसं ते विचारा

हुबळी-धारवाडमधल्या पतसंस्थांचे संचालक, दवाखान्यांचे विश्वस्त, कॉलेजांचे चिटणीस आणि ज्यांच्या सहीशिवाय सर्व्हर रूमच्या खर्चाचा एक कागद पुढे सरकत नाही अशी सगळी मंडळी, हे आवाहन तुम्हाला आहे. सर्व्हर रूममध्ये बसणाऱ्या मुलांना यातलं बरंचसं ठाऊक असतं. त्यांचं ऐकून घेणारं कोणी नसतं, म्हणून तुमच्यापुढे मांडतो.

विषय आहे सॅन स्विचवरचं सॉफ्टवेअर बदलण्याचा. संस्था थोडी मोठी झाली की तिची माहिती सर्व्हरच्या पोटात राहत नाही. ती वेगळ्या कपाटात जाते, त्याला स्टोरेज म्हणतात. सर्व्हर आणि स्टोरेज यांच्यामध्ये दोन चपटे डबे असतात. त्यांना पातळ फायबरच्या केबली जोडलेल्या असतात आणि हिरवे दिवे लुकलुकत असतात. हेच सॅन स्विच, आणि त्यांनी जोडलेलं स्टोरेजचं सगळं जाळं म्हणजे सॅन. बहुतेक ठिकाणी सिस्कोच्या एमडीएस मालिकेतले किंवा ब्रोकेडचे. ठेवीदाराच्या पासबुकातली नोंद, दवाखान्यातलं सीटी स्कॅन, परीक्षेचे गुण, सगळं या डब्यांतून जातं. वर्षानुवर्षं ते कुरकुर न करता चालतात, त्यामुळे ते आहेत हेच बऱ्याच संचालक मंडळांना माहीत नसतं. आपल्या राज्याचा या धंद्याशी संबंध मात्र जुना आहे. ब्रोकेड ही कंपनी 1995 साली अमेरिकेत ज्या तिघांनी काढली त्यांतले एक कुमार मालवल्ली, मैसूर विद्यापीठातून इंजिनिअर झालेले. आणि आपल्या हुबळीचे गुरुराज देशपांडे यांनी तिकडे नाव आणि पैसा मिळवला तो नेटवर्कची यंत्रं बनवणाऱ्या कंपन्या काढूनच.

या डब्यांनाही स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम असते. सिस्कोची एनएक्स-ओएस, ब्रोकेडची फॅब्रिक ओएस. तिच्या नव्या आवृत्त्या येत राहतात. मग एक दिवस टिपण येतं: अपग्रेड करायचं आहे, परवानगी द्यावी. आणि कधीकधी चार दिवसांनी दुसरं टिपण येतं, ते अर्थातच घाईचं: काहीतरी बिघडलंय, जुन्या आवृत्तीवर परत जायचं आहे.

ऑफिसातला साधा नेटवर्क स्विच दोन मिनिटं बंद पडला तर लोक वैतागतात, स्क्रीनवरचं चक्र फिरत राहतं आणि पुन्हा सगळं सुरू होतं. स्टोरेजच्या रस्त्यावर दोन मिनिटांचा अर्थ वेगळा आहे. सर्व्हरला वाटतं, आपली डिस्कच कोणी उपटली. लिनक्स असेल तर बहुधा फाइल सिस्टिम 'फक्त वाचा' अशी करून टाकतो. डेटाबेस लिहिता लिहिता अर्ध्यावर थांबतो. रस्ता परत सुरू झाला तरी डेटाबेस तपासावा लागतो, कधी दुरुस्त करावा लागतो, कधी रात्रीच्या बॅकअपवर जावं लागतं. म्हणून या कामाला घाबरावं हे ठीक. पण घाबरून काय करायचं, इथेच आपल्याकडे घोळ होतो.

पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: चालू आहे ना, मग हात कशाला लावायचा? हे शहाणपण पंपाच्या मोटारीला एक वेळ चालेल, इथे नाही. नोव्हेंबर 2019 मध्ये एचपीई या कंपनीने आपल्या ग्राहकांना कळवलं की तिच्या काही एसएसडी डिस्कच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, दोष आहे. 32,768 तास चालल्यानंतर, म्हणजे 3 वर्षं 270 दिवस 8 तासांनी, डिस्क बंद पडेल आणि तिच्यावरची माहिती परत मिळणार नाही. उपाय एकच, त्याआधी नवं फर्मवेअर टाका. आता विचार करा, तुम्ही 8 डिस्क एकाच दिवशी विकत घेता आणि एकाच दिवशी चालू करता. एक गेली तर दुसरी सांभाळून घेईल म्हणून रेडची सोय केलेली असते. पण सगळ्यांचे तास एकाच वेळी भरणार असतील तर कोण कोणाला सांभाळणार? अशा ठिकाणी हात न लावणाऱ्या संस्थेचंच नुकसान व्हायचं. स्विचचं सॉफ्टवेअरही याच जातीचं. दोष त्यातही निघतात, सुरक्षेची भोकंही निघतात. जुलै 2024 च्या अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या बँकांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला, देशातलं पेमेंटचं जाळं चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला त्यापासून तोडलं आणि सुमारे 300 लहान बँकांचे व्यवहार अडकले. त्यात सहकारी बँका होत्या, ग्रामीण बँका होत्या. आपल्याएवढ्याच. 'आमच्यासारख्या छोट्यांकडे कोण बघतंय' हे वाक्य आता बैठकीत बोलू नका.

तेव्हा अपग्रेड करायचं. प्रश्न कसं करायचं याचा.

सॅनमध्ये दोन डबे का असतात ते आधी समजून घ्या, कारण सगळी मदार त्यावर आहे. प्रत्येक सर्व्हरमधून दोन केबली निघतात. एक पहिल्या स्विचकडे जाते, दुसरी दुसऱ्याकडे. दोन्ही स्विचमधून स्टोरेजला जायला स्वतंत्र वाट असते आणि ते दोन स्विच एकमेकांना जोडायचे नसतात. तंत्रज्ञ यांना 'ए' आणि 'बी' फॅब्रिक म्हणतात. एका बाजूचं सॉफ्टवेअर बदलायचं असेल तर तेवढ्या वेळेत दुसरी बाजू सगळा भार घेते. हुबळी दक्षिण पश्चिम रेल्वेचं मुख्यालय आहे, तेव्हा ही गोष्ट इथल्या माणसाला वेगळी समजवायची गरज नाही: एका लाइनवर ब्लॉक घ्यायचा, गाड्या दुसऱ्या लाइनवरून काढायच्या, वेळ लेखी ठरवायची, आणि काम करणारा इंजिनिअर लाइन ठीक असल्याचं लिहून देत नाही तोवर तिच्यावर गाडी सोडायची नाही.

पण दुसरी लाइन खरंच चालू आहे का, हे ब्लॉक घेण्याआधी कोणी बघितलंय? माझ्या मते अपग्रेडमध्ये जी फजिती होते तिचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं, नव्या सॉफ्टवेअरमध्ये नसतं. 'बी' बाजूची केबल कधीतरी साफसफाईत सैल झालेली असते. एखादा सर्व्हर नवीन आला तेव्हा घाईत त्याला एकाच बाजूला जोडलेलं असतं, 'दुसरी केबल आली की लावू' म्हणून. 'बी'च्या झोनिंगमध्ये, म्हणजे कोणत्या सर्व्हरने स्टोरेजमधलं काय बघायचं त्या यादीत, एक नाव राहून गेलेलं असतं. दोन्ही स्विचचे प्लग एकाच यूपीएसमध्ये असतात. रोजच्या कामात यातलं काहीच दिसत नाही, कारण 'ए' सगळं ओढत असते. आणि मग आपण 'ए' बंद करतो.

दुसरी वाट कागदावर असणं आणि ती वेळेला उपयोगी पडणं यांत किती अंतर असू शकतं, ते मुंबईत 24 फेब्रुवारी 2021 ला सगळ्या देशाने पाहिलं. त्या बुधवारी सकाळी 11 वाजून 40 मिनिटांनी नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचे व्यवहार थांबले. मासिक वायद्यांची मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती, म्हणजे थांबायला याहून वाईट वेळ शोधूनही सापडली नसती. व्यवहार पुन्हा सुरू झाले ते दुपारी पावणेचारला आणि पाचपर्यंत चालले. मधल्या वेळेत अनेक ब्रोकरांनी ग्राहकांचे सौदे दुसऱ्या बाजारात, मिळेल त्या भावाने मिटवून टाकले होते. एनएसईने नंतर कारण दिलं ते असं: दोन केंद्रांना जोडणाऱ्या, दोन वेगळ्या कंपन्यांच्या टेलिकॉम लाइनी डळमळल्या, रस्त्यावरचं खोदकाम हे त्याचं मुख्य कारण. एवढ्यावर काही व्हायला नको होतं, कारण अशा वेळेसाठीच तर सगळी व्यवस्था उभी केली होती. पण मुख्य केंद्रातली सॅन सर्व्हरना मिळेनाशी झाली. जोखीम मोजणारी यंत्रणा तिच्यावर होती, ती गेली आणि त्यामुळे बाजार थांबवावा लागला. एनएसईच्या म्हणण्यानुसार, एक वाट गेल्यावर काय करायचं याचं जे तर्कशास्त्र पुरवठादाराने सॅनमध्ये बसवलं होतं ते ठरवून दिलेल्या रचनेप्रमाणे नव्हतं. तो काही अपग्रेडचा प्रसंग नव्हता. पण धडा आपल्या कामाचा आहे. देशातल्या सर्वांत मोठ्या शेअर बाजाराकडे पैसा होता, माणसं होती, दोन लाइनी होत्या, दुसरं केंद्र होतं. तरीही खरी वेळ आल्यावर कळलं की वाट बदलण्याची व्यवस्था हवी तशी बसलेली नाही.

म्हणून परवानगीच्या टिपणावर सही करण्याआधी एवढं मागा: प्रत्येक सर्व्हरच्या दोन्ही वाटा जिवंत आहेत याचा पुरावा. लिनक्सवर आणि व्हीएमवेअरवर हे दाखवणाऱ्या सोप्या आज्ञा आहेत, त्यांचा छापील उतारा टिपणाला जोडता येतो. तुम्हाला त्यातलं अक्षर कळलं नाही तरी चालेल. प्रत्येक सर्व्हरच्या नावाखाली दोन्ही बाजूंच्या वाटा 'ॲक्टिव्ह' आहेत की नाहीत एवढं वाचता येतं. ज्याच्या नावाखाली एकच बाजू दिसते, त्याचं काम आधी.

मग कोणती आवृत्ती चढवायची हे. 'लेटेस्ट टाका' असं म्हणणाऱ्या माणसाचं इथे ऐकू नका. सर्वांत नवी आणि कंपनीने शिफारस केलेली या दोन वेगळ्या आवृत्त्या असू शकतात. सिस्को आणि ब्रोकेड दोघेही शिफारस जाहीर करतात. शिवाय स्टोरेज बनवणाऱ्या कंपन्या कोणती आवृत्ती कशाशी जुळते याचे तक्ते ठेवतात. स्विच, सर्व्हरमधलं फायबर कार्ड, त्याचा ड्रायव्हर आणि स्टोरेज या चौघांचं त्या तक्त्यात एकमेकांशी पटायला हवं. फार जुन्या आवृत्तीवर असाल तर एका उडीत वर जाता येत नाही, मधल्या पायऱ्या घ्याव्या लागतात. म्हणजे एक काम म्हणून सांगितलेलं काम प्रत्यक्षात तीन कामांचं निघतं. वेळ मागताना हे सांगायला तुमचा तंत्रज्ञ लाजत असेल तर तुम्हीच विचारा.

प्रत्यक्ष चढवण्याबद्दल जास्त लिहीत नाही, ते कंपनीच्या पुस्तकात नीट दिलेलं आहे. सिस्कोच्या लहान एमडीएस स्विचवर अपग्रेड होताना स्विचचा मेंदू जास्तीत जास्त 80 सेकंद बाजूला होतो. चालू असलेली वाहतूक त्या वेळात सुरूच राहते, पण नवं कोणी आत येऊ शकत नाही. त्यामुळे त्या वेळी कोणताही सर्व्हर रीस्टार्ट करायचा नाही, केबल हलवायची नाही. ही सूचना इलेक्ट्रिशियनपासून सगळ्यांना द्या. 'ए' झाल्यावर लगेच त्याच रात्री 'बी' करायचा मोह होतो, कारण सगळे जमलेलेच असतात. करू नका. चार-पाच दिवस 'ए' नव्यावर आणि 'बी' जुन्यावर राहू द्या. काउंटरवरची गर्दी, ओपीडीची गर्दी, रात्रीचा बॅकअप हे सगळं एकदा त्यावरून जाऊ द्या. काही खटकलं तर जुनी, ओळखीची वाट शाबूत असते.

आता उतरण्याचं. अपग्रेडवर लोक बोलतात, डाउनग्रेडवर कोणीच बोलत नाही. सगळ्यांची समजूत अशी की नाही जमलं तर जुनं परत टाकू, त्यात काय. 17 जून 2012 ला ब्रिटनमधल्या आरबीएस बँकेच्या गटाने रात्रीच्या कामांचं वेळापत्रक चालवणारं सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीवर नेलं. दुसऱ्या दिवशी काही गोष्टी विचित्र दिसल्या, म्हणून नवी आवृत्ती काढून जुनी परत आणायचं ठरलं. जुनी आवृत्ती मधल्या काळात तयार झालेल्या गोष्टींशी जुळेल का हे कोणी तपासलं नव्हतं. ती जुळत नव्हती. ब्रिटनमधल्या 65 लाखांहून जास्त ग्राहकांना त्याचा फटका बसला, आणि त्याच गटातल्या अल्स्टर बँकेचे ग्राहक जुलै उजाडला तरी अडकलेले होते. 2014 मध्ये नियामकांनी गटाला एकूण 5 कोटी 60 लाख पौंडांचा दंड केला. अपग्रेडने जेवढं बिघडलं होतं त्याहून कितीतरी जास्त परतण्याने बिघडवलं.

स्विचवरही हेच होतं, फक्त लहान प्रमाणात. नव्या आवृत्तीत एखादी सोय सुरू केलेली असते, जुनीला ती माहीतच नसते. सिस्कोमध्ये 'शो इन्कम्पॅटिबिलिटी' नावाची आज्ञा आहे. कोणत्या जुन्या आवृत्तीवर जायचं ते सांगितलं की आधी काय काय बंद करावं लागेल याची यादी ती देते. डाउनग्रेड करण्याच्या रात्री नव्हे, अपग्रेडनंतर लगेच ही यादी काढून ठेवावी, म्हणजे परतीचा खर्च आधीच कळतो. ब्रोकेडच्या स्विचमध्ये सॉफ्टवेअरसाठी दोन जागा असतात. नवी आवृत्ती आधी एका जागेत उतरते, स्विच तिच्यावर सुरू होतो आणि, तुम्ही वेगळं सांगितलं नसेल तर, तीच दुसऱ्या जागेतही आपोआप उतरवली जाते. त्या क्षणी जुनी आवृत्ती स्विचमधून गेली. ही शेवटची पायरी थांबवून ठेवता येते. तोवर 'फर्मवेअररिस्टोअर' ही एक आज्ञा जुन्यावर परत नेते. तुमच्या तंत्रज्ञाला विचारा, ती पायरी आपोआप होणार आहे की आपण सांगितल्यावर. उत्तर देताना तो अडखळला तर कामाची तारीख पुढे ढकला.

आणखी एक गोष्ट सहज विसरली जाते. अपग्रेडच्या आधी स्विचच्या कॉन्फिगरेशनचा बॅकअप घेतात, छान. पण तीन आठवड्यांनी परत जायचं ठरलं आणि तो बॅकअप टाकला, तर मधल्या तीन आठवड्यांत जोडलेले सर्व्हर त्या यादीत नसतात. म्हणून नवी आवृत्ती पक्की होईपर्यंत नवे सर्व्हर जोडू नका. अगदी नाइलाज असेल तर प्रत्येक बदल तारखेसह वहीत लिहा. वही म्हणजे कागदाची वही. संगणकावरची फाइल त्याच स्टोरेजवर असते, आणि नेमकी त्या रात्री ती उघडत नाही.

पैशांबद्दल दोन शब्द, कारण ते तुमच्या हातात आहे. सिस्को काय, ब्रोकेड काय, स्विचचं नवं सॉफ्टवेअर सहसा सेवाकरार चालू असेल तरच मिळतं. एएमसीच्या, म्हणजे या वार्षिक कराराच्या, रकमेत कपात करून संचालक मंडळ खूश होतं, मग गरज पडल्यावर कोणीतरी कुठूनतरी पेन ड्राइव्हमध्ये फर्मवेअर घेऊन येतो. असं फर्मवेअर ठेवीदारांच्या पैशांच्या रस्त्यावर चढवणं हा माझ्या दृष्टीने गुन्हा आहे, मग कायद्यात बसो न बसो. अधिकृत ठिकाणाहून घेतलेल्या फाइलचाही चेकसम, म्हणजे फाइल जशीच्या तशी आहे हे दाखवणारा आकडा, जुळवून बघायला सांगा. आणि आत्ता चालू असलेल्या आवृत्तीची फाइल आपल्याकडे आहे का, हेही विचारा. गंमत म्हणजे नवी सगळ्यांकडे असते, आजची कोणाकडे नसते. करार संपला की ती मिळणंही अवघड.

व्हेंडरचा इंजिनिअर बहुधा बेंगळुरूहून येतो. सकाळच्या वंदे भारतने येणार, दुपारी काम आणि संध्याकाळच्या गाडीने परत, असा बेत ऐकला की सावध व्हा. गाडी चुकू नये म्हणून ज्या पायऱ्या गाळल्या जातात त्या नेमक्या तपासणीच्या असतात. दोन रात्रींचं लॉजचं बिल संस्थेने द्यावं. तारीख निवडताना बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात याचा फायदा घ्या, म्हणजे शनिवारी रात्री काम आणि रविवार हाताशी. मार्चअखेर, व्याज जमा करण्याचे दिवस, पगाराचा आठवडा टाळा. हेस्कॉमच्या देखभालीच्या कामासाठी वीज बंद राहणार असल्याची जाहिरात त्या दिवसासाठी आली आहे का, हे बघायला दोन मिनिटं लागतात. दवाखान्याला सुट्टी नसते. तिथे त्या रात्री कॅज्युअल्टीत कागदी केसपेपर तयार ठेवायला सिस्टरांना आधी सांगा, आणि रात्रपाळीच्या डॉक्टरांनाही. त्यांना आयत्या वेळी कळलं तर ते रागावतील आणि त्यांचं बरोबरच असेल.

शेवटची विनंती, आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. थांबण्याची वेळ कामाच्या आधी ठरवा, घड्याळाच्या आकड्यात. रात्री 10 ला सुरू केलं आणि 2 वाजेपर्यंत 'ए' नीट उभी राहिली नाही तर पुढे रेटायचं नाही, परत फिरायचं. 2 वाजता, झोपेने डोळे जड झालेले असताना, 'अजून एकदा करून बघू' असं वाटणं स्वाभाविक आहे. तो निर्णय त्या वेळी त्या माणसावर टाकू नका. परत फिरण्याचा अधिकार त्याला टिपणातच लेखी द्या, आणि तो वापरल्याबद्दल सोमवारच्या बैठकीत त्याला उभं करू नका. एकदा उभं केलंत की पुढच्या वेळी तो थांबणार नाही. आपला फोन मात्र त्या रात्री चालू ठेवा. त्याला तांत्रिक सल्ला तुमच्याकडून नको असतो. दवाखान्यात सर्जनांना फोन कोण करणार, सोमवारी काउंटर अर्धा तास उशिरा उघडायचं की नाही, हे त्याने ठरवायचं नसतं, आणि ते विचारायला रात्री अडीच वाजता तुमच्याशिवाय कोणी नसतं.